ब्रूस लीचा सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता? : निकषांची एक चिकित्सा

१. प्रस्तावना

एखाद्या अभिनेत्याचा सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता, हा प्रश्न रसिकांच्या चर्चेत सहजपणे उपस्थित होतो. समीक्षेत मात्र त्याला क्वचितच स्थान मिळते. मारधाडपटांच्या संदर्भात तर तो केवळ आवडीनिवडीचा प्रश्न म्हणून बाजूला सारला जातो. वस्तुतः अशा प्रश्नाच्या उत्तरातून उत्तर देणाऱ्याचे कलाविषयक निकष उघड होत असतात. म्हणूनच तो चिकित्सेस पात्र ठरतो.

ब्रूस ली (१९४०-१९७३) याचे उदाहरण या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे. सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मलेल्या आणि हाँगकाँगमध्ये वाढलेल्या या अभिनेत्याने प्रौढ वयात नायक म्हणून पूर्ण केलेले चित्रपट केवळ चार : 'द बिग बॉस' (१९७१), 'फिस्ट ऑफ फ्युरी' (१९७२), 'द वे ऑफ द ड्रॅगन' (१९७२) आणि 'एंटर द ड्रॅगन' (१९७३). 'गेम ऑफ डेथ'चे काम त्याच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. १९७८ मध्ये तोतया अभिनेत्यांच्या साहाय्याने आणि लीच्या अंत्यसंस्काराची प्रत्यक्ष चित्रफीत वापरून तो प्रदर्शित करण्यात आला. त्यामुळे त्याची गणना लीच्या कृतींत करणे न्याय्य ठरणार नाही. उरलेल्या चार चित्रपटांपैकी 'एंटर द ड्रॅगन' सर्वश्रेष्ठ, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. या मताची तपासणी करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

२. निकषांचा प्रश्न

रिचर्ड डायर यांनी 'स्टार्स' (१९७९) या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, ताऱ्याची प्रतिमा केवळ चित्रपटांतून नव्हे, तर जाहिरात, प्रसिद्धी आणि समीक्षा यांच्या एकत्रित परिणामातून घडते. हे मान्य केल्यास 'सर्वश्रेष्ठ' या शब्दामागे किमान तीन भिन्न अर्थ संभवतात : निर्मितिमूल्यांच्या दृष्टीने सर्वाधिक सफाईदार, सामाजिक आशयाच्या दृष्टीने सर्वाधिक प्रभावी आणि कलावंताच्या स्वतःच्या दृष्टीचा सर्वाधिक पूर्ण आविष्कार. या तीन अर्थांची गल्लत झाल्यामुळेच या विषयावरील वाद बहुधा निष्फळ ठरतात. त्यातही मारधाडपटात हाणामारी हीच मुख्य भाषा असल्याने, त्या भाषेतून काय व्यक्त झाले याचा विचार टाळता येत नाही.

'द बिग बॉस' या तुलनेत लवकर मागे पडतो. आईला दिलेल्या वचनामुळे नायक बराच काळ हात उचलत नाही, ही कल्पना नाट्यपूर्ण आहे. तथापि ते वचन मोडल्यानंतर कथेला सूडापलीकडे जाता येत नाही.

३. 'एंटर द ड्रॅगन' : सफाई आणि तिची किंमत

रॉबर्ट क्लाऊझ दिग्दर्शित हा चित्रपट वॉर्नर ब्रदर्स या अमेरिकी संस्थेच्या सहभागाने तयार झाला. छायाचित्रण, लालो शिफ्रिन यांचे संगीत आणि आरशांच्या दालनातील अंतिम संघर्ष यांमुळे तो चारही चित्रपटांत सर्वाधिक बांधेसूद वाटतो. २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत त्याचा समावेश झाला. लीचा स्वतःचा इंग्रजी आवाज त्यात ऐकू येतो, हेही महत्त्वाचे.

तथापि या सफाईची किंमत आशयाला मोजावी लागली आहे. येथील नायक एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या विनंतीवरून हानच्या बेटावर जातो. कथा त्याच्याबरोबरच एक गोरा आणि एक कृष्णवर्णीय अशा दोन अमेरिकी पात्रांत विभागली जाते. बहिणीच्या मृत्यूचा सूड हे व्यक्तिगत कारण जोडलेले असले, तरी कथेची चौकट गुप्तहेरपटाचीच राहते. अवघ्या वर्षभरापूर्वी परकीय सत्तेच्या अपमानाविरुद्ध उभा राहिलेला नायक येथे वसाहतवादी सत्तेच्या प्रतिनिधीचे काम करताना दिसतो. या विसंगतीची चित्रपटाला जाणीव असल्याचे कोठेही आढळत नाही.

४. 'फिस्ट ऑफ फ्युरी' : अपमानाचे राजकारण

लो वेई दिग्दर्शित या चित्रपटाची पार्श्वभूमी विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या शांघायची आहे. १९१० मध्ये निधन पावलेले हुओ युआनजिया हे ऐतिहासिक पुरुष होते. त्यांचा शिष्य चेन झेन हे पात्र मात्र कल्पित आहे. चिनी लोकांना 'आशियातील आजारी माणूस' म्हणणारी पाटी फोडणारा आणि उद्यानाच्या प्रवेशद्वारावरील अपमानकारक फलक लाथेने उडवणारा चेन झेन वसाहतवादाचा अनुभव घेतलेल्या सर्वच समाजांना जवळचा वाटला. त्या फलकाचा नेमका मजकूर इतिहासकारांत वादग्रस्त असला, तरी शांघायच्या त्या उद्यानात चिनी नागरिकांना १९२८ पर्यंत मुक्त प्रवेश नव्हता, ही वस्तुस्थिती आहे. लीच्या प्रतिमेतील हा वसाहतवादविरोधी अर्थ विजय प्रशाद यांनी २००१ मधील आपल्या ग्रंथात अधोरेखित केला आहे.

रोखलेल्या बंदुकांच्या दिशेने झेप घेणाऱ्या नायकाची स्थिर चौकट आणि तिच्यावर उमटणारा गोळ्यांचा आवाज, हा शेवट लीच्या कारकिर्दीतील सर्वात तीव्र क्षण होय. सामाजिक परिणाम हाच निकष मानल्यास या चित्रपटाला प्रतिस्पर्धी नाही. परंतु त्याची मर्यादाही त्याच तीव्रतेत आहे. येथे जपानी पात्रे एकसुरी खलत्वाच्या पलीकडे जात नाहीत आणि प्रतिस्पर्धी हा केवळ नष्ट करण्याजोगा विषय उरतो. भारतीय रसविचाराच्या परिभाषेत सांगायचे, तर क्रोध हा स्थायिभाव असलेल्या रौद्ररसाचा हा परमोत्कर्ष आहे. मात्र त्या रसाचे अन्य रसात संक्रमण होत नाही.

५. 'द वे ऑफ द ड्रॅगन' : कलावंताची स्वतःची कृती

लेखन, दिग्दर्शन, प्रमुख भूमिका आणि द्वंद्वांची रचना या चारही जबाबदाऱ्या लीने सांभाळलेला हा एकमेव पूर्ण चित्रपट. हाँगकाँगच्या ग्रामीण भागातून रोमला आलेला, परभाषा न कळणारा आणि विमानतळावर भुकेने कासावीस झालेला तांग लुंग प्रथम हास्याचा विषय होतो. स्थलांतरिताचे अवघडलेपण लीने अन्यत्र कोठेही इतक्या मोकळेपणाने रंगवलेले नाही.

चित्रपटाची खरी उंची मात्र चक नॉरिसबरोबरच्या कलोसियममधील द्वंद्वात आहे. आरंभी दोघेही शांतपणे शरीर सैल करून घेतात. प्रेक्षक म्हणून केवळ एक मांजराचे पिल्लू असते. प्रथम तांग लुंग मार खातो. मग तो आपली पद्धत बदलतो, पावले हलकी करतो, लय मोडतो. ठरीव पवित्र्यांत न अडकता प्रसंगानुरूप बदलावे, हा लीच्या 'जीत कुन दो' या युद्धविचाराचा गाभा येथे संवादाविना दृश्यरूप होतो. दोन्ही शरीरे पूर्णपणे चौकटीत ठेवणाऱ्या दीर्घ दृश्यांमुळे कौशल्याचा आभास संकलनावर अवलंबून राहत नाही.

हात व पाय निकामी झालेल्या प्रतिस्पर्ध्याला तांग लुंग मान हलवून थांबण्याची खूण करतो. तो थांबत नाही. त्याला ठार केल्यानंतर नायक त्याचाच अंगरखा आणि काळा पट्टा त्याच्या देहावर ठेवतो आणि गुडघे टेकून बसतो. रौद्रातून करुणाची निष्पत्ती होते, असे भरताने नाट्यशास्त्रात म्हटले आहे. त्या सूत्राचे मारधाडपटातील इतके निःशब्द उदाहरण दुर्मीळच म्हणावे लागेल. येथे विजय आनंदाचा विषय राहत नाही आणि शत्रूला माणूसपण परत मिळते.

६. आक्षेपांचा विचार

या चित्रपटातील दोष झाकण्याचे कारण नाही. पूर्वार्धातील विनोद अनेकदा ढोबळ आहे. गुंडांच्या टोळीतील बायकी हावभावांच्या मध्यस्थाची केलेली थट्टा आज खटकते. उपाहारगृहातील वृद्ध काकांचा विश्वासघात पुरेशा पूर्वतयारीविना येतो. बांधणीच्या दृष्टीने 'एंटर द ड्रॅगन' निश्चितच सरस आहे.

तथापि प्रचलित क्रमवारीमागे केवळ बांधणीचाच विचार आहे, असे मानता येत नाही. 'एंटर द ड्रॅगन' अमेरिकेत ऑगस्ट १९७३ मध्ये, म्हणजे लीच्या २० जुलै रोजी झालेल्या मृत्यूनंतर महिनाभरात झळकला. आधी तयार झालेला 'द वे ऑफ द ड्रॅगन' तेथे १९७४ मध्ये 'रिटर्न ऑफ द ड्रॅगन' या नावाने आला. परिणामी पूर्वीची कृती उत्तरार्धासारखी भासली आणि तिच्या साध्या निर्मितीची तुलना हॉलिवूडच्या झगमगाटाशी झाली. वितरणाच्या क्रमाने ठरलेली ही उतरंड पुढे गुणवत्तेची उतरंड म्हणून रूढ झाली असावी.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, सफाईच्या निकषावर 'एंटर द ड्रॅगन', सामाजिक परिणामाच्या निकषावर 'फिस्ट ऑफ फ्युरी' आणि कलावंताच्या स्वतंत्र आविष्काराच्या निकषावर 'द वे ऑफ द ड्रॅगन' अग्रस्थानी येतो. या तिन्ही निकषांना समान वजन देता येणार नाही. सफाई साधनांवर अवलंबून असते आणि सामाजिक परिणाम बराचसा काळावर. ज्या कलाप्रकाराची भाषाच हिंसा आहे, त्या प्रकारात हिंसेचे मोल जाणणारी कृती श्रेष्ठ मानली पाहिजे. या अर्थाने, तिच्या सर्व उणिवांसह, 'द वे ऑफ द ड्रॅगन' हीच लीची सर्वश्रेष्ठ कृती ठरते. चित्रपट-आस्वादाच्या अध्यापनात लोकप्रिय मारधाडपटांना स्थान देताना विद्यार्थ्यांना क्रमवारी सांगण्याऐवजी त्या क्रमवारीमागचे निकष तपासावयास लावणे अधिक फलदायी ठरेल.