क्लिक मोजले, पण परिणाम मोजला का? ईबेच्या प्रयोगाचं एक वाचन

'ऑनलाइन जाहिरातींचा ग्राहकांच्या खरेदीवर होणारा परिणाम.' व्यवस्थापन किंवा अर्थशास्त्राच्या संशोधन आराखड्यांत हा विषय हमखास भेटतो. पद्धतही ठरलेली: जाहिरातीवरून किती जण संकेतस्थळावर आले, त्यातल्या किती जणांनी खरेदी केली, दोन्हींचा सहसंबंध काढला, झालं. माझ्या पहिल्या आराखड्यातही हेच होतं. म्हणून आज अशा एका शोधनिबंधाबद्दल लिहितोय, जो वाचल्यावर मला तो आराखडा बाजूला ठेवावा लागला. थॉमस ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस यांचा हा निबंध 'इकॉनोमेट्रिका'मध्ये २०१५ साली आला. प्रयोग ईबे या कंपनीतच झाला होता.

आधी अडचण समजून घेऊ. समजा स्वारगेटच्या स्टँडवर कोल्हापूरच्या गाडीसाठी रांग लागलीय. एक माणूस रांगेत फिरून "कोल्हापूर, कोल्हापूर" ओरडतो आणि गाडी भरली की प्रत्येक प्रवाशामागे कमिशन मागतो. हिशेब बघितला तर त्याची कामगिरी जबरदस्त! ज्याच्याज्याच्या कानावर आवाज गेला तो गाडीत बसला. पण ही माणसं कोल्हापूरला जायलाच आली होती ना?

शोधयंत्रावरची जाहिरात बऱ्याचदा या माणसासारखी असते. कंपनी शब्दांवर बोली लावते आणि कुणी तो शब्द शोधून जाहिरातीवर क्लिक केलं की पैसे मोजते. आता कुणी थेट 'ईबे' असंच टाइप केलं, तर त्याला ईबेवरच जायचंय. वर पैशाची जाहिरात आणि तिच्याखालीच फुकटचा दुवा. त्याने वरच्यावर क्लिक केलं की खरेदीचं श्रेय जाहिरातीला मिळतं. म्हणजे ज्यांना घ्यायचंच आहे तेच शोधतात आणि तेच क्लिक करतात. इथे सहसंबंध घट्ट येणारच, त्यावरून कार्यकारणभाव मात्र कळत नाही.

या लेखकांनी सरळ जाहिरात बंद करून पाहिली. मार्च २०१२मध्ये ईबेने स्वतःच्या नावावरच्या जाहिराती याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्रांवर थांबवल्या, गूगलवर तुलनेसाठी चालू ठेवल्या. जाहिरातीमुळे येणाऱ्या क्लिकपैकी ९९.५ टक्के क्लिक फुकटच्या दुव्यावरून तसेच येत राहिले. पुढच्या टप्प्यात नाव नसलेले, म्हणजे वस्तूंचे शब्द घेतले. अमेरिकेच्या टीव्ही-बाजारपेठांनुसार पाडलेल्या २१० भागांतून यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या सुमारे ३० टक्के भागांत गूगलवरच्या या जाहिराती ६० दिवस बंद ठेवल्या. विक्रीतला फरक एका टक्क्याहूनही कमी आला, आणि तो शून्याहून वेगळा आहे असं संख्याशास्त्रीयदृष्ट्या म्हणता येईना.

माझ्या मते निबंधाची खरी ताकद त्यातल्या एका तुलनेत आहे. खर्च आणि विक्री यांचं साधं समाश्रयण केलं तर जाहिरातीवरचा परतावा ४,००० टक्क्यांच्या वर दिसतो. प्रयोगातून काढला तर तो उणे ६३ टक्के येतो. कंपनी तीच, जाहिराती त्याच. बदलली ती फक्त पद्धत. 'संशोधन आराखडा का महत्त्वाचा' हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता टीकेकडे येतो. पहिला आक्षेप निबंधापेक्षा तो उद्धृत करणाऱ्यांवर आहे. "शोधयंत्रावरच्या जाहिराती निरुपयोगी असल्याचं सिद्ध झालं आहे" असं वाक्य आणि पुढे या निबंधाचा संदर्भ, हे सर्रास दिसतं. पण निबंधाच्या शीर्षकातच ग्राहकांच्या विविधतेचा उल्लेख आहे! नवीन आणि क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर जाहिरातीचा परिणाम झाला, असं लेखकांना आढळलं. खर्चाचा मोठा भाग मात्र नेहमीच्या ग्राहकांच्या क्लिकवर जात होता, आणि ते जाहिरातीशिवायही आले असते. म्हणून सरासरी उणे. सरासरी उचलून विविधता सोडून देणं म्हणजे निबंधाचा अर्धाच भाग वाचणं.

दुसरा आक्षेप व्याप्तीचा. ईबे हे नाव अमेरिकेत घरोघरी माहीत. कमी प्रसिद्ध कंपनीचं काय? कोविएलो, नीझी आणि गोएट यांनी २०१७मध्ये एडमंड्स या मोटारींची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर नावाच्या शब्दांचा असाच प्रयोग मांडला. तिथे जाहिरात बंद केल्यावर त्यातून येणारे निम्म्याहून जास्त लोक परतलेच नाहीत. तेव्हा पुण्यातला एखादा छोटा प्रकाशक दिवाळी अंक ऑनलाइन विकत असेल, तर त्याला ईबेचा निष्कर्ष जसाच्या तसा लावणं धोक्याचं. त्याचं नावच कुणाला माहीत नसेल तर लोक शोधणार तरी काय?

तिसरा मुद्दा काळाचा. निष्कर्ष अल्पकालीन आहेत. ६० दिवसांत आलेला नवा ग्राहक पुढची पाच वर्षं खरेदी करत राहिला, तर त्याची किंमत या हिशेबात येत नाही.

आणि चौथा, आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. 'फरक सार्थ नाही' म्हणजे 'फरक नाही' असं नव्हे. लुईस आणि राव यांनी २०१५मध्येच २५ मोठ्या जाहिरात-प्रयोगांचा आढावा घेऊन दाखवलं, की माणसामाणसाच्या खरेदीत इतकी चढउतार असते की प्रचंड नमुना घेऊनही परताव्याचा अंदाज ढोबळच राहतो. मग आपल्या ३०० जणांच्या प्रश्नावलीतून काय हाती लागणार, हा प्रश्न स्वतःला विचारायलाच हवा.

हे वाचून विषय सोडून देऊ नका. लहान संकेतस्थळांवर काय होतं हा प्रश्न अजून बराच मोकळा आहे. खरेदी मोजणं जड जात असेल तर संकेतस्थळावरच्या एकूण भेटी मोजा. जिल्हे किंवा आठवडे चिठ्ठ्या टाकून निवडा, काहींत जाहिरात चालू, काहींत बंद. प्रयोग शक्यच नसेल तर शीर्षकातला 'परिणाम' हा शब्द काढा आणि 'संबंध' लिहा. मी माझ्या नव्या आराखड्यात पहिलं वाक्य हेच लिहिलंय: जाहिरात नसती तर किती जण आले असते, हे मला कसं कळणार आहे. त्याचं उत्तर लिहायला तीन महिने लागले, पण मार्गदर्शकांसमोर बसल्यावर पहिला प्रश्न तोच आला.