अश्वगंधा आणि ताणमुक्तीचे दावे : एक चिकित्सा

प्रौढांमधील ताण व चिंता यांवरील पूरक द्रव्य म्हणून अश्वगंधेचा, म्हणजे आपल्या परिचयाच्या आस्कंदाचा, प्रचार करताना चरकाचा आधार हटकून दिला जातो. चरकसंहितेत अश्वगंधा बल्य व बृंहणीय या गणांत येते. म्हणजे बल देणारी, शरीर पुष्ट करणारी. 'ताण' ही आजच्या अर्थाची संकल्पना मात्र हान्स सेल्ये यांच्या १९३६ च्या संशोधनानंतर रूढ झाली. तेव्हा प्राचीनत्वाची ही साक्ष सैलच म्हणावी लागेल.

प्रयोगांचा आधार अधिक विचारार्ह आहे. २०१२ साली 'इंडियन जर्नल ऑफ सायकॉलॉजिकल मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६४ प्रौढ होते. त्यांपैकी एका गटास मुळांचा ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, ६० दिवस देण्यात आला. दुसऱ्या गटास औषधविरहित कॅप्सूल मिळाली. अर्क घेणाऱ्यांचा ताणाचा गुणांक व रक्तातील कॉर्टिसॉल लक्षणीयरीत्या घटले. हा निष्कर्ष नाकारण्याचे कारण नाही. परंतु साठ दिवसांच्या निरीक्षणावरून वर्षानुवर्षांच्या सेवनाची ग्वाही कशी देता येईल? शिवाय चाचणी विशिष्ट अर्काची होती. तिचे श्रेय बाजारातील कोणत्याही चूर्णाने घ्यावे, हे शास्त्रीय नव्हे.

यकृतास इजा झाल्याची काही प्रकरणे वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये घातलेली बंदी वादग्रस्त ठरली हे खरे. तथापि अश्वगंधेने थायरॉईड संप्रेरकाचे प्रमाण वाढू शकते, हा आक्षेप निराधार नाही. थायरॉईडची गोळी रोज घेणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना 'नैसर्गिक' या एका शब्दावर निर्धास्त करणारी जाहिरात हे सांगत नाही.