शब्दांची यादी आणि शब्दांची ओळख

शिळफाट्यावर स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या बहुतेकांच्या बॅगेत इंग्रजीसाठी दोन गोष्टी सापडतात. एक, नॉर्मन लुईस यांचं 'वर्ड पॉवर मेड ईझी'. दुसरी, 'हजार महत्त्वाचे शब्द' छापाची झेरॉक्स यादी. आज आम्ही या दोन्हींचा हिशेब मांडणार आहोत.

लुईस यांचं पुस्तक १९४९ सालचं, आणि ते चांगलंच आहे. लॅटिन-ग्रीक धातू हाती दिला की त्यावरून आठ-दहा शब्द उलगडतात, ही त्याची ताकद. पण ते लिहिलंय अमेरिकन वाचकासाठी. त्याच्याकडे वाक्य असतंच, त्याला फक्त शब्द हवा असतो. आपलं उलटं आहे. शब्द ओळखीचा होतो, पण रिकाम्या जागेत बसवताना हात अडतो.

यादीचा दोष याहून मोठा. ती एका शब्दाला एकच मराठी अर्थ चिकटवते. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी. कर्जाचं सँक्शन लेटर आपल्याला माहीत असतं. मग उताऱ्यात एक देश दुसऱ्यावर 'सँक्शन्स' लादतो. तिथे अर्थ निर्बंध! 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख आणि नजरचूकही. कुठला अर्थ घ्यायचा, हे शेजारचे शब्द सांगतात, यादी नाही. एसएससीच्या सीजीएल पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण, आणि चुकलं की अर्धा गुण वजा. अनोळखी शब्दाचा प्रश्न आपण सोडून तरी देतो; अर्धवट ओळखीचा ठोकून देतो. तो महाग पडतो.

आणि आपल्याकडे शब्द नाहीत, हे आम्हाला मान्य नाही. घाट चढण्यासाठी कर्जतला गाडीला मागून जोडतात ते इंजिन 'बँकर'. परीक्षेच्या यादीत बँकर म्हणजे बँकवाला; पण चढालाही इंग्रजीत 'बँक' म्हणतात, बरं का! बोरघाटाचा ३७ला १ चढ म्हणजे 'ग्रेडियंट'. खोपोलीच्या १९१५ सालच्या वीजघराकडे डोंगरावरून उतरणारे पाइप म्हणजे 'पेनस्टॉक'. इथल्या कामगारांनी हे शब्द यादीतून पाठ केलेले नाहीत. ते कामासकट, वाक्यासकट आले, म्हणून टिकले.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची रीत हीच होती. थोडे शब्द, लगेच वाक्यं, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे भाषांतर. त्यातली वाक्यं आज जुनाट वाटतील, रीत नाही.

तेव्हा रोज दहाच शब्द घ्या. प्रत्येकाचं वर्तमानपत्रातलं एक वाक्य उतरवा आणि त्याखाली आपलं एक लिहा: रस्त्याचं, लोकलचं, कंपनीतल्या शिफ्टचं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. तिथे समोर चार पर्याय नसतात, कोरा कागद असतो. त्या कागदावर यादी उपयोगी पडत नाही, लिहून झालेलं वाक्यच पडतं.