सूचकता कोणाला परवडते?

स्त्री-स्त्रीमधील प्रेम पडद्यावर आले की आपले समीक्षक एक ठरलेला प्रश्न विचारतात : ते सूचकपणे दाखविले की उघड? सूचक असेल तर कलात्मक, उघड असेल तर भडक. ही फूटपट्टी दलित वाचकाच्या चांगल्या ओळखीची आहे. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा पांढरपेशा अभिरुचीने हीच पट्टी बाहेर काढली होती. वस्तीतले जगणे जसे आहे तसे सांगितले की ते अश्लील, आणि तेच पडदा लावून सांगितले की साहित्य. तेव्हा कोणतीही कलाकृती मोजण्याआधी पट्टीचा मालक कोण, हे पाहणे आपल्याला भाग आहे.

'गोलपिठा'ची प्रस्तावना विजय तेंडुलकरांची होती, आणि मराठीत या प्रेमाविषयी पहिल्यांदा ठळकपणे बोलणारेही तेच. १९८१ साली त्यांचे 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आले. रोहिणी हट्टंगडींनी मित्रा उभी केली. स्वातंत्र्यपूर्व काळातल्या कॉलेजातली ही मुलगी आपल्याला मुलगीच आवडते हे आडपडदा न ठेवता बोलते. पण ती बोलते बापूजवळ आणि गोष्ट सांगतो तोही बापूच. मित्राच्या वाट्याला शेवटी आत्महत्या येते. पुढल्याच वर्षी, १९८२ मध्ये, जब्बार पटेलांचा 'उंबरठा' आला. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून पटकथा पुन्हा तेंडुलकरांचीच. महिलाश्रमातल्या दोन बायकांचे नाते उघडकीला येते, आश्रम खवळतो, आणि स्मिता पाटीलची सुलभा महाजन त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहते. मात्र ही सहानुभूती आजाऱ्याला दाखवावी तशी आहे. सुलभाला घर सोडून जाण्याचा हक्क आहे, नवऱ्याला जाब विचारण्याचा हक्क आहे. आश्रमातल्या त्या दोघींना उपचाराचाच काय तो हक्क. एका चित्रपटात स्त्रीमुक्तीचे असे दोन भाव असावेत, हे त्या काळी फारसे कोणाला खटकले नाही.

दीपा मेहतांचा 'फायर' (१९९६) भारतात १९९८ च्या नोव्हेंबरात प्रदर्शित झाला आणि डिसेंबरात शिवसैनिकांनी मुंबईतली चित्रपटगृहे फोडली. चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे गेला, आणि १९९९ च्या फेब्रुवारीत परत पडद्यावर आला. त्या वेळी राधा आणि सीता या नावांवर रान उठविले गेले. विरोधकांनी नावे पाहिली, समर्थकांनी स्त्रियांचे स्वातंत्र्य पाहिले. मुंडू नावाच्या घरगड्याकडे मात्र दोन्ही बाजूंनी बोट दाखविल्याचे माझ्या वाचनात नाही. मालकिणींच्या प्रेमाला सगळी कोवळीक, सगळा उजेड. आणि घरगड्याची वासना मात्र ओंगळ, मुक्या म्हातारीसमोर घाणेरडी चित्रफीत लावून बसणारी. चुगलीही तोच करतो. एकाच छपराखाली कामना दोन प्रकारे रंगविली आहे, आणि रंग वर्ग पाहून निवडलेला आहे. धाडसी चित्रपटसुद्धा नोकराच्या खोलीपाशी किती जुना होतो!

२००४ सालच्या 'गर्लफ्रेंड'वर शब्द खर्चण्याची गरज नाही. तो उघड आहे तो पुरुष प्रेक्षकासाठी.

या पार्श्वभूमीवर नीरज घायवान यांची 'गीली पुच्ची' (२०२१) पाहावी. 'अजीब दास्ताँस' या चार कथांच्या चित्रपटातली ही एक. कारखान्यात यंत्रावर काम करणारी भारती मंडल (कोंकणा सेन शर्मा) कुशल आहे, शिकलेली आहे. तिला हवी असलेली टेबलावरची नोकरी मिळते नव्याने आलेल्या प्रिया शर्माला (अदिती राव हैदरी). बायकांसाठी धड संडास नाही असा हा कारखाना. पिंपरी, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात राहणाऱ्याला तो पडद्यावर नव्याने दाखवावा लागत नाही. प्रियाची अडचण होते तेव्हा धावून जाते ती भारती. जवळीक वाढते. आडनाव विचारल्यावर भारती 'बॅनर्जी' सांगते. पुढे खरी जात सांगते, आणि प्रियाचा हात मागे सरतो.

इथे घायवान यांनी हिंदी चित्रपटाची रीत उलटी केली आहे. आपल्या पडद्यावर जात सूचक असते, म्हणजे एखादे आडनाव, एखादा देव्हारा, आणि पुष्कळदा तेवढेही नाही. प्रेम मात्र गाण्यांतून, पावसातून उघड. 'गीली पुच्ची'त दोघींचे प्रेम थोडक्यात येते आणि जात नाव घेऊन बोलते. प्रियाच्या सासरी चहा येतो तेव्हा घरच्यांना चिनी मातीचे कप, भारतीला स्टीलचा पेला. कोणी काही बोलत नाही. भारती तो चहा पिते.

भारतीचा शेवटचा डाव अनेकांना टोचला आहे. प्रियाला मूल व्हावे असा सल्ला तीच देते, आणि प्रिया घरी बसल्यावर टेबलावर तीच बसते. प्रेमाचा हा विश्वासघात नव्हे काय? आहेच. पण तिने निर्मळ प्रेयसी राहावे ही अपेक्षा कोणाची? प्रियाला घर आहे, नवरा आहे, दार लावून घेता येईल अशी खोली आहे. तिची कामना तिथे वर्षानुवर्षे सूचक राहू शकते. ज्या खोलीत चार जणी पाळीपाळीने झोपतात, पहाटेच्या पाळीला कंपनीची बस गाठतात, तिथे झाकून ठेवायलाही जागा लागते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांच्या संमतीचे संबंध वगळले. ती मोकळीक प्रियाला आणि भारतीला सारखीच मिळाली, असे म्हणणे धाडसाचे होईल.

घायवान यांच्याविषयी माझी एक तक्रार आहे. भारतीचा वयस्क सहकारी दशरथ तिला जातीचे गणित तोंडी समजावून सांगतो. पेल्याने जे नंतर सांगितले ते आधी संवादाने सांगण्याची गरज होती का? हे मी माझ्या वर्गात विचारले. कामगारांच्याच मुली त्या. काही जणी म्हणाल्या, संवाद नको होता, पेला पुरेसा होता. आणि दोघींनी विचारले, "कोणता पेला, सर?"