ध्वनिमुद्रिकेतील सकार

मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा (१८७२–१९३७) आवाज १९०५ च्या सुमारास कर्ण्यातून आणि पुढे १९३० नंतर विद्युत् ध्वनिग्राहकातून मुद्रित झाला. कर्ण्यास सेकंदाला सुमारे २,५०० कंपनांपलीकडील ध्वनी फारसा पेलत नसे. सकाराची ऊर्जा तर मुख्यतः ४,००० च्या वर असते. म्हणून पहिल्या मुद्रिकांतील 'स' आपण ऐकत नाही, शब्द ओळखून कल्पितो. दुसऱ्यांत तो पुसट का होईना, उमटतो. परंतु सुईची खरखरही त्याच पट्ट्यात असते. संगणकाने स्वच्छ केलेल्या अलीकडील प्रतींत ती गाळताना 'स'ही बोथट होतो. स्वर गोड लागतो, हे मान्य. तथापि अशा प्रतींवरून खाँसाहेबांच्या उच्चारांविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे होय. आमच्या विद्यार्थ्यांनी मूळ तबकडीच ऐकावी, खरखरीसकट.