आवृत्ती, आवर्तन आणि स्वर : ‘गीतरामायणा’च्या पुनःप्रकाशनांचा प्रश्न

‘गीतरामायणा’विषयी मराठीत जे लिहिले गेले त्यात दोन सूर प्रामुख्याने आढळतात. एक कृतज्ञ स्मरणाचा, दुसरा, ग. दि. माडगूळकरांची ही रचना खंडकाव्य की भावगीतांची माला, असा प्रकारनिश्चितीचा. दोन्हींचे एक गृहीतक समान आहे : ‘गीतरामायण’ नावाची एकच एक, स्थिर अशी कृती अस्तित्वात आहे आणि तिची पुस्तके, ध्वनिमुद्रिका, ध्वनिफिती ही तिची केवळ वाहने आहेत. हे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे. ‘गीतरामायण’ पुन्हा पुन्हा प्रकाशित झाले, आणि त्यांतील एका टप्प्यावर जे पुन्हा प्रकाशित झाले ते मुळात प्रकाशित झालेले नव्हतेच.

मूळ घटनाक्रम सर्वपरिचित आहे. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पहिले गीत प्रसारित झाले आणि १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला ही माला संपली. आठवड्यास एक याप्रमाणे वर्षाची बावन्न गीते व्हावयाची. परंतु त्या वर्षी अधिक मास आल्याने रामनवमी ते रामनवमी हे अंतर वाढले आणि गीतांची संख्या ५६ झाली. या तपशिलाकडे एक गमतीदार योगायोग म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तो रूपबंधाविषयीचा तपशील आहे. काव्याची लांबी येथे कथेने ठरविली नाही, छंदानेही नाही. ती पंचांगाने ठरविली. व्रताला जसा आरंभदिन आणि उद्यापनदिन असतो तसे या कृतीला होते, आणि दोहोंच्या मधली प्रतीक्षा हा तिचा घटक होता. राम वनवासाला निघाल्यानंतर पुढचे गीत ऐकण्यासाठी श्रोत्याला खरोखरीचे दिवस मोजावे लागत. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून गीते ऐकली जात, ही आठवण भाबडी म्हणून सोडून देण्यासारखी नाही. यंत्रातून येणाऱ्या स्वराला श्रोत्यांनी कोणत्या परंपरेत बसविले, याचा तो पुरावा आहे.

‘आवृत्ती’ या मराठी शब्दाकडे येथे थोडे थांबून पाहावयास हवे. ग्रंथव्यवहारात आवृत्ती म्हणजे पुन्हा काढलेले पुस्तक. परंतु छापखान्यापूर्वीच्या मराठीत आणि संस्कृतात आवृत्ती म्हणजे पुन्हा म्हणणे; स्तोत्राच्या अकरा आवृत्त्या होतात त्या कागदावर नव्हे, कंठात होतात. तबल्याच्या आवर्तनाशीही त्याच धातूचे नाते आहे. पहिल्या अर्थात मागची प्रत पुढच्या प्रतीसारखी असणे हा गुण आहे. दुसऱ्या अर्थात प्रत्येक वेळी म्हणणारा असतो, आणि म्हणणारा बदलला की काही तरी बदलते. ‘गीतरामायणा’चे पुनःप्रकाशन या दोन अर्थांच्या मधोमध घडले आहे.

पहिल्या अर्थाची आवृत्ती म्हणजे १९५७ मध्ये भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने काढलेले पुस्तक आणि त्याची पुढील मुद्रणे. त्यातून शब्द टिकले, चाली गेल्या. समीक्षेला हाताळता येईल अशी संहिता मिळाली. दुसऱ्या अर्थाची आवृत्ती सुधीर फडके यांची. आकाशवाणीच्या मालेत निरनिराळ्या पात्रांना निरनिराळे स्वर होते. माणिक वर्मा, लता मंगेशकर, मालती पांडे, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, राम फाटक, बबनराव नावडीकर, सुरेश हळदणकर अशी ती नामावळी आहे. संगीतकार फडके स्वतःही गात होते आणि मुख्यतः रामाची गीते त्यांच्याकडे होती. पुढे फडके यांनी जाहीर कार्यक्रमांतून सर्व गीते एकट्याने गावयास सुरुवात केली. ग्रामोफोन कंपनीने काढलेला दीर्घध्वनिमुद्रिकांचा आणि नंतर ध्वनिफितींचा संच याच एकस्वरी रूपाचा होता. महाराष्ट्रातील घराघरांत जे ‘गीतरामायण’ पोचले ते हे. चाली त्याच, शब्द तेच, नाव तेच. म्हणून तो संच ‘गीतरामायणाच्या ध्वनिमुद्रिका’ म्हणूनच ओळखला गेला.

एकाच कल्पनासूत्रात ओवलेल्या गीतमालिका ध्वनिमुद्रिकेवर आणण्याची प्रथा पाश्चात्त्य रॉक संगीतात पुढे रूढ झाली आणि तिच्या पुनःप्रकाशनांतून असेच प्रश्न उभे राहिले. इटलीतील ‘ले ओर्मे’ या संचाची ‘फेलोना ए सोरोना’ (१९७३) ही दोन ग्रहांची कथा त्याच वर्षी पीटर हॅमिल यांच्या इंग्रजी शब्दांसह पुन्हा निघाली. संगीतरचना कायम, भाषा दुसरी. ‘बांको देल मुतुओ सोक्कोर्सो’ या संचाने उत्क्रांतीच्या कल्पनेवर रचलेली ‘दार्विन!’ (१९७२) १९९१ मध्ये नव्याने गाऊन, वाजवून प्रसिद्ध केली. जुनीच मुद्रिका नव्या वेष्टनात काढणे, तीच रचना पुन्हा गाऊन काढणे आणि त्याच चालींवर दुसरी भाषा चढविणे, या तीन क्रिया भिन्न आहेत. तेथील रसिक त्या वेगळ्या नोंदवून ठेवतात, त्यांवर वादही घालतात. आपल्याकडे या तिन्ही क्रिया एकाच कृतीच्या बाबतीत घडल्या आणि तिन्हींना आपण एकच नाव दिले. ‘ध्वनिमुद्रिकांची समीक्षा’ नावाची गोष्ट मराठीत उभी राहिली नाही, हे त्याचे एक कारण असावे.

बहुस्वरी रूपाकडून एकस्वरी रूपाकडे जाताना बदलला तो वाङ्मयप्रकारच. मालेतील बहुतेक गीते पात्रमुखी आहेत. कौसल्या, दशरथ, सीता, शूर्पणखा, शबरी, नावाडी, अयोध्यावासी हे स्वतःच्या तोंडाने बोलतात. त्यांच्याविषयी बोलणारा निवेदक अपवादाने येतो. निरनिराळ्या कंठांतून ऐकल्यास ही रचना नाट्य ठरते. एका कंठातून ऐकल्यास ती आख्यान ठरते. यांपैकी एक रूप अस्सल आणि दुसरे दुय्यम असे म्हणणे घाईचे होईल, कारण दुसऱ्या रूपाची परंपरा पहिल्याहून जुनी आहे आणि ती माडगूळकरांच्या परिसरात जिवंत होती.

माडगूळकरांचा जन्म १९१९ चा, शेटफळ्याचा. हे गाव आज सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात, माणदेशाच्या कोरड्या पट्ट्यात येते. त्याच जिल्ह्याच्या पार पश्चिम टोकाला, पावसाच्या मुलखात, शिराळा आहे. समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक तेथे आहे. त्याची स्थापना १६५४ ची सांगितली जाते. अकरांपैकी दुसरा याच जिल्ह्यात बहे येथे, कृष्णेच्या पात्रात आहे. या मुलखात मारुती हा बलोपासनेचा देव खराच, परंतु कथा-कीर्तनाच्या परंपरेत त्याचे आणखी एक काम असते : तो रामकथेचा श्रोता असतो. जेथे रामकथा चालते तेथे तो येऊन बसतो अशी श्रद्धा आहे. आधुनिक समीक्षेने ‘ग्राहक’ ही संकल्पना फार उशिरा हाती घेतली. शिराळ्याच्या मारुतीला ती भूमिका शतकानुशतके आहे. आणि या आदर्श श्रोत्यासमोर उभा असतो तो एकटा हरिदास. तोच राम होतो, तोच कैकेयी, तोच शबरी. स्त्रीपात्राचे बोल पुरुषकंठातून आल्याने त्याच्या श्रोत्याचा रसभंग होत नाही.

खुद्द सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा मराठी नाटकाचा आरंभ रामकथेने झाला, हे नेहमी सांगितले जाते. त्या प्रयोगाची घडण मात्र क्वचित लक्षात घेतली जाते. पदे गाण्याचे काम मुख्यतः सूत्रधाराचे होते. पात्रे त्या पदांच्या अनुरोधाने अभिनय आणि उत्स्फूर्त भाषण करीत. म्हणजे पात्रे अनेक, गाता कंठ सूत्रधाराचा. फडके यांच्या एकस्वरी ‘गीतरामायणा’ची पूर्वपीठिका शोधावयाची तर ती येथे आहे. या अर्थाने ध्वनिमुद्रिकांच्या संचाने आकाशवाणीच्या नभोनाट्याला पुन्हा आख्यानाच्या घरी आणले.

तथापि एक फरक राहतो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. भाव्यांचा सूत्रधार किंवा कीर्तनातला हरिदास हा रामकथेतील कोणीच नसतो. त्याचा कंठ कथेबाहेरचा असतो म्हणूनच तो सर्वांना उसना देता येतो. फडके यांचा स्वर असा तटस्थ राहिलेला नव्हता. वर्षभराच्या प्रसारणाने तो श्रोत्यांच्या कानी रामाचा स्वर म्हणून ठसलेला होता. मनुष्य पराधीन आहे असे भरताला समजावणारा हाच स्वर. रोलां बार्थ यांनी १९७२ च्या एका निबंधात गाणाऱ्या कंठाच्या पोताचा विचार मांडला. शब्दार्थाखेरीज गाणाऱ्याचा देहही ऐकू येतो, असा त्याचा आशय आहे. तो मान्य केला तर अडचण उभी राहते ती सीतेच्या त्यागाच्या गीतापाशी. वनात सोडलेली सीता लक्ष्मणाला, आता मी कोठे जावे, असे विचारते. बहुस्वरी मालेत हा प्रश्न स्त्रीकंठातून येई. तो रामाच्या स्वराच्या समोर उभा राही, त्याला अडवी. एकस्वरी संचात हाच प्रश्न रामाच्या कंठातून येतो. ज्याच्यावर आरोप आहे तोच फिर्याद वाचून दाखवितो.

यावर एक उत्तर देता येईल, आणि ते कच्चे नाही. मालेतील पहिल्या गीतात कुश-लव रामासमोर रामायण गातात आणि राम स्वतःची कथा ऐकतो. पुढील सर्व गीते या चौकटीत बसतात. तेव्हा एकस्वरी रूप हे ऐकणाऱ्या रामाच्या मनात पुन्हा उमटलेले रामायण आहे, असे वाचता येते. शबरीचे धन्यपण, कौसल्येची काळजी, सीतेचा आक्रोश हे सर्व त्याच्याच स्मृतीतून परत येते. हे वाचन आकर्षक आहे. फडके यांच्या गायकीतील संयम, करुण प्रसंगीही शब्द न मोडण्याचा कटाक्ष, त्याला पोषकही आहे. परंतु त्याची किंमत सीतेने मोजलेली आहे. तिचा प्रश्न रामाच्या पश्चात्तापाचा एक भाग होतो. उत्तराची वाट पाहणारा प्रश्न म्हणून तो उरत नाही. एकस्वरी आवृत्ती अधिक एकसंध आहे, आणि ती एकसंधता रामाच्या बाजूची आहे. ‘गीतरामायणा’त सीतेला न्याय मिळाला किंवा नाही यावर छापील संहितेच्या आधारे वाद घालणाऱ्या अभ्यासकांनी आपल्या कानात कोणती आवृत्ती वाजत आहे, हे आधी स्वतःशी स्पष्ट केलेले बरे.

शूर्पणखेच्या गीताचे उदाहरण उलट दिशेने जाते. तेथे स्त्रीकंठातील लाडिकपणा पात्राला सहज हास्यास्पद करू शकतो. पुरुषकंठाने गायल्यावर ते सोंग राहत नाही, निवेदन होते, आणि पात्राची थोडी अब्रू वाचते. नावाड्यांचे गीत मात्र एकट्याच्या स्वरात पातळ होते. ते मुळातच समूहाचे आहे.

माध्यमाने काळाचेही रूप पालटले. दीर्घध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटे मावतात, साठ मिनिटांच्या ध्वनिफितीच्या बाजूवर अर्धा तास. त्यामुळे आठवड्यांच्या अंतराने आलेली गीते एकमेकांच्या अंगाला येऊन भिडली. अयोध्याकांडातील शोकगीते सलग ऐकताना जाणवणारा एकसुरीपणा माडगूळकरांच्या माथी मारला जातो; तो पुष्कळ अंशी बाजू उलटण्याच्या यंत्राचा दोष आहे. आज संगणकावर आणि दूरध्वनीवर हवे ते गीत हव्या त्या क्रमाने लावता येते, आणि मूळ प्रसारणातील स्वरही ऐकावयास मिळतात. या सोयीमुळे तुलना प्रथमच सुलभ झाली. क्रम मात्र श्रोत्याच्या लहरीवर गेला.

क्रम जाणे ही या कृतीच्या बाबतीत लहान हानी नाही. शेवटच्या गीतात वाल्मीकी कुश-लवांना रामायण गावयास सांगतात. कथाकाळाच्या दृष्टीने ही आज्ञा पहिल्या गीताच्या आधीची आहे. म्हणजे माला जेथे संपते तेथून ती पहिल्या गीतात प्रवेश करते. छप्पन्नावे गीत हे पहिल्याचे कारण आहे. ही रचना वर्तुळाकार आहे, आणि दुसऱ्या वेळी ऐकताना ती पहिल्या वेळेपेक्षा अधिक कळते, कारण गाणारी मुले कोणाच्या सांगण्यावरून गात आहेत आणि ती कोणाची मुले आहेत, हे आता श्रोता जाणतो; समोर बसलेला राम अजून जाणत नाही. प्रसारण ज्या तिथीला सुरू झाले त्याच तिथीला संपले, हे या वर्तुळाचे पंचांगातील प्रतिबिंब.

त्यामुळे भाषांतरांचा विचारही वेगळ्या पातळीवर करावा लागतो. हिंदी, कन्नड, संस्कृत, कोंकणी अशा अनेक भाषांत ‘गीतरामायण’ गेले आणि त्यांतील बरेचसे त्याच चालींवर गाता येईल असे रचले गेले. अर्थाची निष्ठा येथे मात्रांच्या निष्ठेखाली येते. फडके यांच्या स्वरयोजनेने मराठीच्या ज्या अक्षरावर मुक्काम केला असेल तेथे परभाषेलाही मुक्काम करावा लागतो. ए. के. रामानुजन यांनी आपल्या प्रसिद्ध निबंधात रामकथेच्या रूपांना ‘पाठभेद’ न मानता स्वतंत्र ‘कथने’ मानावे असे सुचविले, कारण पाठभेद म्हटले की एक मूळ पाठ गृहीत धरला जातो. त्यांची सूचना ‘गीतरामायणा’च्या या भाषांतरांना अर्धीच लागू पडते. शब्दांपुरती ती स्वतंत्र कथने आहेत. चालींपुरता मात्र एक मूळ पाठ आहेच, आणि तो कागदावर नाही.

म्हणून ‘गीतरामायणा’ची चिकित्सक आवृत्ती काढावयाची झाली तर तिच्या संपादकाला शब्दांचे पाठ फारसे छळणार नाहीत. प्रत्येक गीतापुढे प्रसारणाची तारीख, मूळ गायक, नंतरच्या ध्वनिमुद्रणातील गायक, कोठे कडवे गळले वा लय बदलली याची नोंद त्याला करावी लागेल. आणि सीतेच्या गीतापुढे दोन नावे लिहावी लागतील.