पाहुणा गुरू आणि रोजची तालीम : ‘ये बॅले’च्या निमित्ताने

सूनी तारापोरवाला दिग्दर्शित ‘ये बॅले’ (२०२०) हा चित्रपट मनीष चौहान व अमीरुद्दीन शाह या मुंबई परिसरातील दोन तरुणांच्या जीवनावर बेतलेला आहे. येहुदा माओर या परदेशी गुरूंनी त्यांना घडविले. अमीरुद्दीन २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला. चित्रपटाचा भर मात्र गुरूच्या आगमनातील नाट्यावर आहे. तालमीची वर्षे मोजक्या दृश्यांत उरकतात. मनीषने स्वतःवर आधारलेली भूमिका स्वतःच केल्याने ती मेहनत निदान त्याच्या देहावर दिसते.

शहापूर-मुरबाडच्या महाविद्यालयांत व्यावसायिक नर्तकाची कार्यशाळा योजताना ही त्रुटी ध्यानी घ्यावी लागते. बॅलेत पाय खुब्यापासून बाहेर वळवावे लागतात. ते दोन दिवसांत साधत नाही. मनीषनेही उशिराच आरंभ केला, पण त्यास नित्य तालीम लाभली. शिवाय तारप्याच्या सुरावर कमरेला हात गुंफून फेर धरणारा वारली विद्यार्थी तोल व लय घेऊनच येतो. त्यास कोरी पाटी समजणे हे पाहुण्याचे अज्ञान होय. तेथूनच आरंभ करून त्याने वर्षभर परत येत राहावे. आणि सिमेंटच्या फरशीवर उड्या घेणे गुडघ्यांस घातक असल्याने, मानधनाआधी लाकडी फरशीचा खर्च अंदाजपत्रकात धरावा.